विनापरवाना बसणे

माणूस जन्मतो आडवा आणि मरतोही आडवा. मधल्या काळात त्याने उभं राहावं एवढीच देवाची माफक अपेक्षा असते. तरीही काही माणसं बसतात. माझी नात यानिना त्यांतली. पोरगी कामाला वाघ, अक्षर टपोरं, सुई अशी टोचते की डासाने येऊन शिकावं. खोट एकच: ती बसते. हे मी पदरचं सांगत नाही. तसं दोनदा लेखी सिद्ध झालं आहे, शिक्क्यासकट.

मी सेफेरिना. गावात न्या सेफेरिना म्हणतात. हे मानाचं 'न्या' नावाला आपसूक चिकटत नाही, ते मिळवावं लागतं. सरकारी इस्पितळाच्या फाटकाशी चौतीस वर्षं मी पाला कुटते, तेरेरेच्या, म्हणजे आमच्या थंड चहाच्या, गार पाण्यात घालायचा. पोट धरलं त्याला पुदिना, लघवीला जळजळ त्याला घोडेपूस, प्रेमभंग झाला त्यालाही पुदिनाच. शाळा तिसरीपर्यंत झाली. चौथीचा वर्ग नदीपलीकडे होता. मी गेले नाही आणि वर्गही आला नाही. सात पोरं वाढवली. मला आजवर कुणी बसलेलं पाहिलेलं नाही. (कुटायला स्टूल लागतं. ते बसणं नव्हे. ते हत्यार आहे.)

यानिना याच इस्पितळात नर्सिंगचं वॉर्डातलं शिक्षण घेते. सहाशे तास भरले की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की जानेवारीपासून आमच्या मूळ खेड्यातल्या दवाखान्यात जागा. त्या खेड्यात नर्स पाहायची तर आजवर कॅलेंडरवरच पाहायची. पण तास नुसते भरून चालत नाहीत, ते उभ्याने भरावे लागतात.

धोरण येण्याआधी इस्पितळात भारी अनागोंदी होती. वॉर्डात जरा सामसूम झाली की दोन मुली फाटकाशी यायच्या, माझ्याजवळच्या बाकावर टेकायच्या, दहा मिनिटं तेरेरे प्यायच्या, एकमेकींची उणीदुणी काढायच्या आणि परत जायच्या. मग दुसऱ्या दोन. कुणी विचारत नव्हतं, कुणी लिहीत नव्हतं. रोगी बरे होत, पण कोणत्या कलमाखाली बरे होताहेत याचा कुणाला पत्ता नसे. अशाने देश चालत नाही.

कायदा होता तो फक्त तेरेरेचा. शिंगाचा एकच पेला, त्यात एकच नळी. एकाने ओतायचं, बाकीच्यांनी पाळीपाळीने प्यायचं. पहिलं पाणी संत तोमासचं. ते पाल्यात मुरू द्यायचं. पुढे ज्याची पाळी त्याने ओढून घ्यायचं आणि पेला मुकाट्याने परत करायचा. मुकाट्याने हे महत्त्वाचं. कारण ज्याने 'ग्रासियास' म्हटलं, म्हणजे 'आभारी आहे' म्हटलं, त्याचं झालं. पेला त्याला ओलांडून पुढे जातो आणि त्याच्या घशाला कोरड पडली तरी मागे वळत नाही. आभार मानले म्हणजे 'पुरे' म्हटलं, हे आमच्याकडे दुधाचे दात न पडलेल्या पोरालाही कळतं. फार शिकलेल्याला कळत नाही, पण त्याला इलाज नाही.

मिर्ता कार्दोसो फार शिकली. ती मुळात याच बाकावर मोठी झालेली. विद्यार्थिनी होती तेव्हा बूट काढून, पाय लांब करून बसायची आणि दुसरीच्या हातातून पेला ओढून घ्यायची. मग तीन वर्षं स्पेनला राहून आली आणि आली ती लिसेन्सियादा कार्दोसो होऊन, मुलींची प्रशिक्षणप्रमुख. लिसेन्सियादा म्हणजे पदवीवाली. (नुसतं 'मिर्ता' म्हटलं तर तिला ऐकू येत नाही. कान मात्र तपासून घेतलेले आहेत, चांगले आहेत.) तिकडून तिने दोन वस्तू आणल्या. एक, उठता-बसता 'ग्रासियास' म्हणायची सवय: दार धरलं, ग्रासियास, शिंक आली, ग्रासियास. आणि दुसरी, 'विद्यार्थिनी विश्रांती धोरण', पानं बावीस.

धोरण मला यानिनाने वाचून दाखवलं, उभ्याने. फार थोर लिखाण आहे. सुरुवात अशी: 'विद्यार्थिनी बसतात अशा एकेचाळीस तक्रारी जनतेच्या पेटीत आल्यामुळे, आणि जनतेचा शब्द अखेरचा असल्यामुळे…' या तक्रारींवर सात जणांची समिती नेमली आणि समिती अकरा वेळा बसली. (बसण्याच्या प्रश्नावर समिती दुसरं करणार तरी काय?) अकराव्या बैठकीत 'बसणे' म्हणजे काय ते ठरलं: 'पावले वगळता शरीराचा कोणताही भाग कोणत्याही पृष्ठभागावर तीन सेकंदांहून अधिक टेकवणे.' भिंतीला पाठ लावली, बसलात. टेबलावर कोपर ठेवलं, बसलात. रडणाऱ्या मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं तर दोघीही बसलात.

कुणाला वाटेल हे निर्दयपणाचं आहे. मुळीच नाही. कलम चार बघा: सहा तासांच्या ड्यूटीत प्रत्येक मुलीला वीस मिनिटं विश्रांती, आणि तीही मागावी लागत नाही, लिसेन्सियादा स्वतः सकाळी खाटेपाशी येऊन विचारते. मुलीने सभ्य शब्दांत उत्तर द्यायचं, ते शब्दशः लिहिलं जातं. कलम सातही बघा: रुग्णाला स्वहस्ते भरवताना बसण्याची मुभा, कारण घास उंचावरून पडू नये. आणि कलम नऊ: विनापरवाना बसण्याच्या तीन नोंदी झाल्या की आजवरचे सगळे तास रद्द. पुन्हा पहिल्यापासून, पुढच्या वर्षी.

कायद्याला नावं ठेवणं सोपं असतं. पण विचार करा. दंड बसतो, शिक्का बसतो, घसा बसतो, धक्का बसतो, समिती तर बसतेच. सगळंच बसायला लागलं तर उभं कोण राहणार? कुणाला तरी नेमायला हवं. मुली तरण्या होत्या.

रोज साडेआठला लिसेन्सियादा कार्दोसो हातात नोंदींचा कागद लावलेली फळी घेऊन निघते.

"यानिना, विश्रांती?"

"ग्रासियास, लिसेन्सियादा."

असंच म्हणावं लागतं. पहिल्या आठवड्यात नोएलिया नावाची पोरगी नुसतं "हो" म्हणाली. 'हो' हे सभ्य उत्तर नसल्यामुळे तिला सभ्यतेवर दोन तास व्याख्यान झालं. ऐकताना ती उभी होती हे सांगायला नको. तेव्हापासून सगळ्याच ग्रासियास म्हणतात.

मिर्ता स्पेनची, म्हणजे आता मनाने स्पेनची. तिला ग्रासियास ऐकलं की वाटतं, घेतली. ती आपल्या वहीत खूण करते: 'विश्रांती दिली.' मग उत्तर शब्दशः लिहिलेला कागद जातो दॉन एवेलिओकडे. त्याचं टेबल तिच्याच खोलीत, पंख्याखाली. त्याचं काम एवढंच की जिला विश्रांती हवी तिच्या जागी बदलीची मुलगी धाडायची. एवेलिओ तीस वर्षं माझ्या हातचं तेरेरे पितो. तो वाचतो 'ग्रासियास' आणि आपल्या वहीत लिहितो: 'नको.' बदली जात नाही. बदली येईपर्यंत खाट सोडायची नाही, हे कलम पाच. यानिना वाट बघत उभी राहते. एक वाजतो. ड्यूटी संपते.

दोन्ही वह्या बिनचूक. पहिल्या सहा महिन्यांत मिर्ताच्या वहीत: विश्रांती दिली, अकराशे चौसष्ट वेळा, म्हणजे शंभर टक्के. एवेलिओच्या वहीत: विश्रांती नाकारली, अकराशे चौसष्ट वेळा, म्हणजे हेही शंभर टक्के. दोन वह्या राजधानीला, असुन्सिओनला, दोन वेगळ्या खात्यांकडे गेल्या. एका खात्याने, मुलींना इतकी विश्रांती देणारं इस्पितळ देशात दुसरं नाही म्हणून पितळी पाटी पाठवली. दुसऱ्याने, मुलींना विश्रांतीची गरजच पडत नाही असं इस्पितळ देशात दुसरं नाही म्हणून पाठवली. दोन्ही एकाच भिंतीवर लावल्या, एकाच मापाच्या. मधल्या मुली तेवढ्या उभ्या.

एकीने धीर करून विचारलंही होतं, "लिसेन्सियादा, माझी विश्रांती?" मिर्ताने वही उघडून दाखवली. खूण होती. खुणेपुढे कुणाचं काय चालतं?

विश्रांती कक्षही बांधला. सोळा खुर्च्या, अजून प्लास्टिकच्या वेष्टनात. राजधानीहून साहेब आले, फीत कापली, खुर्च्यांवर बसून सगळ्यांनी चिपा, म्हणजे चीजचा पाव, खाल्ला, पाऊण तास झाला तरी कुणी उठेना. त्या खोलीत कुणी बसल्याची ती एकमेव घटना. पुढे मुलींना विश्रांती नकोच असते असं वहीवरून दिसल्यामुळे खोलीला कुलूप घातलं. आत आता धोरणाच्या जादा प्रती ठेवतात. त्या आडव्या असतात. त्यांना मुभा आहे.

तरीपण मुली हुशार. इस्पितळात टेकण्याच्या कायदेशीर जागा दोनच उरल्या. पहिली संडास. मुलींचं संडासला जाणं इतकं वाढलं की साथ आली समजून विहिरीच्या पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पाणी निर्दोष निघालं. दुसरी जागा कलम सात. पुरुषांच्या वॉर्डात दॉन सिंदुल्फो म्हणून एकाचा पाय मोडला होता. हात धडधाकट, एका हाताने रेडा लोळवेल. पण मुली त्याला पाळीपाळीने भरवायच्या. एक वाटी सूप, चार मुली, पन्नास मिनिटं. तीन आठवड्यांत त्याचं वजन सहा किलो वाढलं. पाय जुळला तरी घरी जायला तयार होईना. म्हणे घरी बायको वाटी आदळून निघून जाते.

तर, यानिनाच्या दोन नोंदी. पहिली: बुटाची नाडी बांधताना पालथ्या बादलीवर टेकली, पाच सेकंद. दोन सेकंदांचा गुन्हा, पण गुन्हा तो गुन्हा. दुसरी: ऑपरेशनला नेण्याआधी एका म्हातारीने तिचा हात धरून ठेवला होता, सोडेना. पोरगी खाटेच्या कडेला टेकली. नोंद अशी आहे, मी पाठ केली आहे: 'दहा मिनिटे. हात रुग्णाच्या हातात. घास नव्हता.'

घास नव्हता, तिथे काय बोलणार.

पाचशे सत्तर तास झाले होते, तीस उरले होते, म्हणजे पाच दिवस. त्या पाच दिवसांत ती एकदा जरी टेकली असती तर वर्ष गेलं, जागा गेली, आणि आमचं खेडं परत कॅलेंडरवर आलं. तिचे पाय संध्याकाळी असे सुजायचे की बूट काढायला दोघं लागायची. मी तिला चांगलं खडसावलं.

"जरा कळ काढता येत नाही? चौतीस वर्षं मी फाटकाशी आहे. मला कधी बसलेलं पाहिलंस?"

ती माझ्या स्टुलाकडे बघत राहिली. हल्लीच्या पोरी आदबीने बोलत नाहीत, बघतात नुसत्या.

शुक्रवारी मी धुतलेला ब्लाउज घातला, बर्फाच्या पाण्याचा मोठा थर्मास, पेला आणि पाला घेतला आणि मिर्ताच्या खोलीत गेले. डिसेंबरचं ऊन, म्हणजे आमचा भर उन्हाळा, पंखा बंद पडलेला.

"या, न्या सेफेरिना. काय काम काढलंत?"

"काम कसलं, लिसेन्सियादा. ऊन मी म्हणतंय. म्हटलं, एवेलिओला आणि तुम्हाला दोन घोट द्यावेत."

एवेलिओने पेन खाली ठेवलं. संत तोमासचं पाणी मुरलं. पहिला पेला मी मिर्ताला दिला, मान तिचा. तिने एका दमात ओढला, ओठ टिपले आणि स्पेनच्या हेलात म्हणाली, "ग्रासियास, न्या सेफेरिना."

मी पेला घेतला. भरला. एवेलिओला दिला. मग मी प्यायले. मग एवेलिओ. मग मी. मिर्ताचा हात टेबलावरून हळूहळू पुढे आला, मांजर दुधाकडे येतं तसा. मी एवेलिओला दिला.

"न्या सेफेरिना," ती म्हणाली, "माझी पाळी नाही का आली?"

मी तोंड उघडायच्या आत, नळी तोंडातून न काढता एवेलिओ म्हणाला, "तुम्ही ग्रासियास म्हणालात, लिसेन्सियादा. नको म्हणजे नको."

"अहो, ते सभ्यपणाने म्हणाले मी!"

"सभ्यपणाचा वेगळा रकाना नाही," एवेलिओ म्हणाला, आणि मग त्याने नळी तोंडातून काढली.

खोलीत माशी बसल्याचं ऐकू आलं. (माशीची नोंद होत नाही.)

"एवेलिओ," मिर्ता म्हणाली, "मुली रोज सकाळी काय म्हणतात?"

"ग्रासियास म्हणतात."

"आणि तुम्ही काय लिहिता?"

"म्हणतात तेच. नको."

"दोन वर्षं?"

"शनिवार-रविवार सोडून."

आता मला राहवेना. "मिर्ता," मी म्हटलं, आणि तिला ते बरोबर ऐकू आलं, "माझ्या बाकावर पाय पसरून बसायचीस ना तू? पेला हिसकून घ्यायचीस. तेव्हा एकदा तरी तोंडातून ग्रासियास निघालं होतं का गं? नाही. कारण तुला आणखी हवं असायचं."

ती लाल झाली. पण शिकलेली बाई, पटकन सावरली. "हे पाहा, धोरण मी हौसेनं नाही आणलं. मुलींनी बसू नये असं मला कुठे वाटत होतं? जनतेने मागितलं. ही बघा, पहिली तक्रार." आणि तिने भिंतीकडे बोट केलं.

दोन पितळी पाट्यांच्या मध्ये चौकट होती, काचेची. वर छापलेलं, 'जनतेचा आवाज'. आत वहीचा फाटका कागद:

'मुली बसतात. मी डोळ्यांनी पाहिलं. एक शहाणी बाई.'

त्यातला प्रत्येक 'एस' उलटा होता, आरशात बघितल्यासारखा. माझा 'एस' उलटा पडतो. तिसरीत मास्तरांनी छड्या मोडल्या, तो सरळ झाला नाही. दुकानाच्या पाटीवर उलटा आहे. सातही पोरांच्या बाप्तिस्म्याच्या कागदावर, माझ्या नावात, उलटा आहे. अख्ख्या जिल्ह्यात तसा दुसरा नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. माझे दात पाचच उरलेत, पण बरोबर लागले.

तीन वर्षांपूर्वी पित्ताच्या खड्यांसाठी मी या इस्पितळात नऊ दिवस होते, खाट सहा. मुली खिडकीशी बसून तेरेरे प्यायच्या. मी पाहिलं हे खरंच. पण लिहिलं ते त्यासाठी नाही. पेला माझ्यापर्यंत आला नाही, म्हणून लिहिलं. (मला ऑपरेशनमुळे पाणी मना होतं. ते त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.)

"अक्षर चांगलं आहे," मी म्हटलं. "समजा, त्या बाईला ती परत घ्यायची असली तर?"

"निनावी आहे ना," मिर्ता म्हणाली. "परत घ्यायला नाव सांगावं लागेल. आणि नाव सांगितलं की निनावी राहणार नाही. म्हणजे ही ती तक्रारच नव्हे."

मला कळलं. चांगल्या नियमाचं हेच असतं, तो कळतो.

ग्रासियासचं मात्र मिर्ताने मनावर घेतलं. उगाच नाही मी तिला लहानपणापासून पाला कुटून दिला. तिने तिथल्या तिथे दुरुस्ती लिहिली: पुढच्या मार्चपासून 'ग्रासियास' म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीने 'ग्रासियास-स्पष्टीकरण' हा नमुना तीन प्रतींत भरावा, त्यात हो की नको ते लिहावं. भरायला साधारण वीस मिनिटं लागतील, ती विश्रांतीच्या वीस मिनिटांतून घ्यावीत. मागच्या नोंदी मात्र पुसता येणार नाहीत. पुसल्या तर नोंदींवरचा विश्वास उडेल. म्हणजे यानिनाच्या दोन दोनच राहिल्या.

बाहेर व्हरांड्यात यानिना सलाईनची बाटली घेऊन उभी होती.

"पाहिलंस, आजी?"

"काय पाहिलं?"

"चौकट."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. उलटा एस काय मला ओळखू येत नाही? शाळेत जाईपर्यंत मीही तसाच काढायची."

"मग बोलली का नाहीस कार्टे?"

"बोलून काय झालं असतं? तू ऐकायची तर नाहीसच, वर स्टूल घेऊन मिर्ताबाईंच्या दारात बसली असतीस." मग बाटली दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "म्हणजे उभी राहिली असतीस. स्टुलावर."

सोमवारी सकाळी मी स्टूल पालथं करून भिंतीशी ठेवलं आणि उभ्याने कुटायला लागले. कुणाला वाटेल प्रायश्चित्त. छे. आपण मागितलेली वस्तू कशी लागते ते बघावं, एवढंच. सोमवार बरा गेला. मंगळवारी गुडघे बोलायला लागले. बुधवारी ते काय बोलत होते ते लोकांसमोर सांगण्यासारखं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "न्या सेफेरिना, आज उभ्या?" मी म्हणायची, "मी नेहमीच उभी असते." शुक्रवारी अकराला एकेचाळीस अंश ऊन होतं, मुसळ हातात होतं, आणि मग जमीन वर आली. मी पडले असं लोक म्हणतात. मी पडले नाही. ती वर आली.

डोळे उघडले तर खाट सहा. हातात सलाईन. डॉक्टर म्हणाला, शरीरातलं पाणी गेलंय, पडून राहा, मीठ घातलेलं सूप द्या. उशाशी यानिना. तिच्या सहाशे तासांतली शेवटची पंचावन्न मिनिटं उरली होती आणि सकाळी सातपासून ती उभी होती. तोंड पांढरं, ओठ पांढरे, आणि पीठ चाळताना चाळण हलते तशी जागच्या जागी हलत होती. खाटेला हात लावत नव्हती. हात लावला असता तर बसली असती. भिंतीवर घड्याळ. दाराशी टांगलेली मिर्ताची फळी.

"आजी, काही हवं का?"

"सूप."

"इस्पितळाचं? तू तर त्याला भांडी विसळलेलं पाणी म्हणतेस."

"म्हणतेच. आण."

तिने आणलं आणि चमचा माझ्या हातात द्यायला लागली.

"माझे हात उठत नाहीत."

"आजी, तासापूर्वी मुसळ उचलत होतीस."

"म्हणूनच उठत नाहीत. कलम सात."

मग तिने खुर्ची ओढली आणि बसली. खुर्ची करकरली नाही. पोरगी करकरली.

मी वर्षाची असल्यापासून मला कुणी भरवलेलं नाही. भावाने भरवायचा प्रयत्न केला होता, त्याच्या अंगठ्यावर अजून खूण आहे. पण त्या दिवशी तोंड उघडलं. सूप अळणी, गार, वर एक गाजर तरंगतं, त्यालाही तिथून निघायचं असावं. मी एकेक चमचा तोंडात धरून ठेवत होते. दाराशी कुबडीवर दॉन सिंदुल्फो येऊन उभा राहिला, अनुभवी माणूस, म्हणाला, "चावून खा, न्या सेफेरिना. सूपसुद्धा चावता येतं." साडेबाराला मिर्ता आली. तिने यानिनाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, फळीवरचं पेन काढलं.

"घास?" तिने विचारलं.

"सूप," मी म्हटलं.

"घासच धरावा," ती म्हणाली आणि लिहिलं. मग तिने वाटीत डोकावलं. तळ दिसायला लागला होता. घड्याळाकडे पाहिलं. अर्धा तास होता. ती दाराकडे वळून मावशींना म्हणाली, "न्या सेफेरिनांना आणखी एक वाटी आणा. भरून."

माझ्या ओठावर आभाराचा शब्द अगदी आला होता. गिळला. म्हटला असता तर नियमाप्रमाणे वाटी परत गेली असती.

एक वाजायला दहा मिनिटं होती. शेजारच्या खाटेपाशी एक भेटायला आलेली बाई होती. खुर्चीत बसलेली, पाय दुसऱ्या खुर्चीवर, पुठ्ठ्याने वारा घेत. ती आपल्या माणसाला मोठ्याने म्हणाली, "बघा, कशा निवांत बसतात हल्लीच्या पोरी. आपण मरतोय आणि ह्या गप्पा मारताहेत." मग पर्समध्ये पेन शोधायला लागली. पेटी दाराशीच असते. मी त्या बाईला ओळखत नाही, पण चेहरा ओळखीचा वाटला: थोडा माझ्यासारखा, बराचसा तुमच्यासारखा. (एकेचाळिसांतली एक माझी. उरलेल्या चाळीस कुणी टाकल्या ते मी विचारत नाही. तुमचं अक्षर तुम्हाला ओळखू येईलच. आणि हे तुम्ही इतका वेळ उभ्याने वाचत नाही आहात, याची नोंद घेतलेली आहे.)

यानिनाचा चमचा थांबला. "आजी," ती पुटपुटली, "उठते मी. ती लिहितेय. तिसरी नोंद झाली तर…" आणि अर्धी उठली.

मी सलाईनच्या हाताने तिचा एप्रन धरला आणि त्या बाईला, मिर्ताला, तिच्या खोलीतल्या भिंतीवरच्या चौकटीला आणि गरज पडली तर असुन्सिओनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"यानिना, तुझ्यात खोट एकच आहे, आणि ती मी आता चारचौघांत सांगते. तू पुरेशी बसत नाहीस. बस. वाटी अजून अर्धी आहे."